निर्णयांचा नकाशा : औद्योगिक गतिकीच्या उगमाचा एक अभ्यास

इ. स. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे केंटकी राज्यातील घरगुती उपकरणांचे कारखाने एका विचित्र व्याधीने पछाडलेले होते. एखाद्या काळी तेथे तीन-तीन, चार-चार पाळ्यांत काम चाले. आणि त्यानंतर काही वर्षांतच निम्म्या कामगारांना घरी बसविण्याची पाळी येई. कंपनीच्या अधिकाऱ्यांपाशी याचे उत्तर तयार होते. व्यापारात तेजी-मंदीची चक्रे येतच असतात, मागणी वरखाली होते, आणि कारखान्याला तिच्यामागे धावावे लागते, असे ते म्हणत. हे उत्तर सोयीचे होते. कारण त्यामुळे दोष कारखान्याच्या कुंपणाबाहेर जाई. परंतु ते पुरते पटण्यासारखे नव्हते. लोक कपडे धुण्याचे यंत्र किंवा शीतकपाट घेतात ते इतक्या तीव्र लाटांनी घेत नाहीत. मग कामगारांच्या संख्येत एवढी मोठी लाट कोठून उठत होती?

या प्रश्नाच्या उत्तरातून जी विद्याशाखा उदयास आली तिला प्रथम 'औद्योगिक गतिकी' आणि पुढे 'प्रणाली-गतिकी' हे नाव मिळाले. तिच्या इतिहासात संगणकाचा आणि गणिताचा महिमा पुष्कळ गाइला जातो. तो सर्वस्वी खोटा नाही. पण तिचे खरे नावीन्य त्याहून साध्या ठिकाणी होते. उद्योगातील एखाद्या प्रक्रियेचा नकाशा काढताना कागदावर काय दाखवावयाचे आणि काय गाळावयाचे, या प्रश्नाचे तिने दिलेले उत्तर पूर्वीच्या उत्तरांहून वेगळे होते.

प्रक्रियेचे आलेख त्यापूर्वीही निघत होते. फ्रँक व लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने १९२१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेपुढे प्रक्रिया-आलेखांवर एक निबंध मांडला. काम सुधारावयाचे तर ते आधी डोळ्यांपुढे मांडले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. ही पद्धत कारखान्यांतून व पुढे कचेऱ्यांतून पसरली, आणि १९४७ मध्ये त्याच संस्थेने तिच्या चिन्हांचे प्रमाणीकरण केले. कृतीसाठी वर्तुळ, वाहतुकीसाठी बाण, तपासणीसाठी चौकोन, साठवणीसाठी त्रिकोण आणि खोळंब्यासाठी रोमन 'डी' हे अक्षर, अशी ती पाच चिन्हे होत. असा आलेख एका वस्तूचा, एका कागदाचा किंवा एका माणसाचा पाठपुरावा करतो. एखादा अर्ज कोणाच्या टेबलावरून कोणाच्या टेबलाकडे गेला, कोठे पडून राहिला, कोठे विनाकारण दोनदा तपासला गेला, हे तो उत्तम रीतीने दाखवितो. आजही कोणत्याही कचेरीत कामाला लागलेल्या संशोधकाने आरंभ येथूनच करावा, इतकी त्याची योग्यता आहे.

परंतु त्या 'डी' अक्षरातच त्याची मर्यादाही आहे. खोळंबा म्हणजे वाया गेलेला वेळ, एवढेच तो आलेख सांगतो. माल सहा आठवडे उशिरा मिळतो हे कळताच गिऱ्हाईक पुढची मागणी अधिक लवकर आणि अधिक मोठी नोंदवू लागते, त्या फुगलेल्या मागण्यांमुळे कारखान्यातील काम आणखी तुंबते, आणि उशीर सहाचा आठ आठवडे होतो, ही हकिकत त्या आलेखात कोठेच बसत नाही. एका टोकाला आरंभ आणि दुसऱ्या टोकाला शेवट असलेल्या रेषेवर, परिणाम उलटून कारणाकडे येतो हे दाखविण्यास जागाच नसते.

अर्थशास्त्रज्ञांना ही उलटी वाट अपरिचित नव्हती. टॉमस डब्ल्यू. मिचेल यांनी १९२४ मध्येच असे दाखवून दिले होते की, मालाची टंचाई असता किरकोळ विक्रेते गरजेपेक्षा अधिक मागणी नोंदवितात, घाऊक व्यापारी त्या फुगवट्याला खरी मागणी समजून त्यावर स्वतःचा फुगवटा चढवितात, आणि उत्पादकापुढे शेवटी एक आभासच उभा राहतो. लॉइड मेट्झलर यांनी १९४१ मध्ये मालसाठ्याच्या चक्रांचे गणित मांडले. विक्रीच्या प्रमाणात साठा राखण्याच्या वरकरणी शहाण्या धोरणातून चढउतार कसे उत्पन्न होतात हे त्यातून स्पष्ट झाले. अभियंत्यांकडूनही हाच किनारा गाठला जात होता. हर्बर्ट सायमन यांनी १९५२ मध्ये स्वयंनियंत्रक यंत्रांचा, म्हणजे सर्व्होमेकॅनिझमचा, सिद्धांत उत्पादनाच्या नियंत्रणास लावून पाहिला, आणि बर्मिंगहॅम येथील विद्युत् अभियांत्रिकीचे प्राध्यापक आर्नल्ड टस्टिन यांचा अर्थव्यवस्थेच्या यंत्रणेवरील ग्रंथ १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. सारांश, प्रत्याभरण म्हणजे फीडबॅक ही कल्पना — कृतीच्या परिणामाची वार्ता पुन्हा कृतीकडे येऊन तिला वळण लावते, ही — केंटकीचा प्रश्न उपस्थित होण्यापूर्वीच वातावरणात होती. जे फॉरेस्टर यांना तिचे जनक म्हणण्याचा प्रघात कोठे कोठे आढळतो; तो इतिहासाला धरून नाही.

फॉरेस्टर यांची थोरवी अन्यत्र आहे. १९१८ मध्ये नेब्रास्का राज्यात त्यांचा जन्म झाला व गुरांच्या कुरणावर ते वाढले. शाळकरी वयातच त्यांनी वाऱ्यावर चालणारे वीजयंत्र उभारून घरी प्रथम वीज आणली. १९३९ मध्ये ते मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एम. आय. टी., येथे आले आणि युद्धकाळात गॉर्डन ब्राउन यांच्या प्रयोगशाळेत तोफा व रडार यांच्या स्वयंनियंत्रणावर काम करू लागले. नियंत्रकाने सुधारणा करावयास थोडा उशीर लावला आणि ती थोडी जोरात केली, की यंत्र इष्ट स्थितीच्या अलीकडे-पलीकडे हेलकावे खाऊ लागते, हा त्या शास्त्राचा पहिला धडा. युद्धानंतर 'व्हर्लविंड' या अंकीय संगणकाच्या उभारणीचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. त्यातील चुंबकीय कड्यांची स्मृतियोजना पुढे दोन दशके संगणकांचा आधार ठरली. असा माणूस १९५६ मध्ये यंत्रशाळा सोडून, आल्फ्रेड स्लोन यांच्या देणगीतून चारच वर्षांपूर्वी निघालेल्या औद्योगिक व्यवस्थापनाच्या विद्यालयात प्राध्यापक झाला. तेथे जनरल इलेक्ट्रिकच्या लोकांशी त्यांची गाठ पडली.

पुढील हकिकत मुख्यतः फॉरेस्टर यांच्या स्वतःच्या कथनातून आपल्यापर्यंत आली आहे, आणि तिचे सर्वांत परिचित रूप म्हणजे त्यांनी १९८९ मध्ये श्टुटगार्ट येथे केलेले भाषण होय. घटना आणि कथन यांत तीन दशकांहून अधिक अंतर आहे. संस्थापकांच्या आठवणींना जी एक घडीव गोलाई येते ती येथेही आली असणे संभवनीय आहे. तेव्हा तपशिलाच्या रंगापेक्षा पद्धतीच्या सांगाड्याकडे पाहणे बरे. तो सांगाडा असा. त्यांनी अधिकाऱ्यांना मागणी किती येते हे न विचारता, नवी माणसे केव्हा घेता, किती घेता, साठा किती ठेवता आणि कमी पडला तर काय करता, असे विचारले. नंतर वहीच्या एका पानावर साठा, कामगार आणि मागण्या यांचे रकाने आखले. पहिल्या ओळीत या आठवड्याची स्थिती. अधिकाऱ्यांनी सांगितलेल्या धोरणाप्रमाणे पुढील आठवड्यात किती माणसे घ्यावयाची ते ठरवावयाचे. त्यावरून नवे उत्पादन आणि नवा साठा काढावयाचा. की दुसरी ओळ तयार. अशा ओळींमागून ओळी लिहीत गेल्यावर असे दिसून आले की, बाहेरून येणारी मागणी स्थिर ठेवली तरीही कामगारांच्या संख्येत हेलकावे उत्पन्न होऊ शकतात. बाजाराची लाट नसतानाही कारखाना स्वतःची लाट स्वतःच निर्माण करू शकत होता.

हे कसे घडते ते एका कल्पित हिशोबाने पडताळून पाहता येते. किरकोळ विक्रेता, वितरक आणि कारखान्याची वखार अशी तीन टप्प्यांची साखळी घ्यावी. प्रत्येक टप्प्यावर दर आठवड्यास १०० नग येतात व तितकेच जातात. चार आठवड्यांच्या मागणीइतका, म्हणजे ४०० नगांचा, साठा ठेवण्याची प्रत्येकाची रीत आहे. आणि साठ्यात पडलेली तूट पाच आठवड्यांत विभागून भरून काढण्याचे धोरण आहे. यात कोणाचाही अविचार नाही. आता विक्री दहा टक्क्यांनी वाढून ११० झाली. विक्रेत्याचा साठा ३९० वर आला; पण नव्या विक्रीच्या मानाने तो ४४० हवा. तूट ५० नगांची, तिचा पाचवा हिस्सा १०. म्हणून त्याची मागणी ११० अधिक १०, म्हणजे १२० नगांची गेली. वितरकाला गिऱ्हाईक दिसत नाही. त्याला केवळ ही १२० ची मागणी दिसते. त्याचा साठा ३८० झाला व हवा ४८०. तूट १००, हिस्सा २०. त्याची मागणी १४०. वखारीपर्यंत ही बातमी गेली तेव्हा तिचा साठा ३६० झाला व हवा ५६०. तूट २००, हिस्सा ४०. कारखान्याकडे मागणी गेली १८० नगांची. दुकानात दहा टक्के, कारखान्यात ऐंशी टक्के. कारखान्याने माणसे घेतली, ती शिकेपर्यंत काही आठवडे गेले, तोवर तूट वाढतच गेली म्हणून आणखी माणसे घेतली. पुढे सर्वांचे साठे भरले, तेव्हा साठा भरण्यासाठी केलेली जादा मागणी एकदम नाहीशी झाली, आणि भरून वाहणारे साठे रिकामे होईपर्यंत खरी मागणीही वरपर्यंत पोहोचेना. मग पाळ्या बंद झाल्या. दुकानात मात्र या सर्व काळात विक्री ११० नगांचीच होती.

येथे प्रत्येक टप्प्यावरील मनुष्य स्वतःपुरता बरोबर वागला आहे. गिलब्रेथ यांच्या पद्धतीने त्यांच्यापैकी कोणाच्याही कामाचा आलेख काढला असता तर त्यात एकही वावगी कृती सापडली नसती. दोष व्यक्तीत नाही व बाजारातही नाही. तो त्यांना जोडणाऱ्या धोरणांत आणि त्या धोरणांमधील कालांतरांत आहे. हे दाखविण्यासाठी वेगळा नकाशा लागतो, आणि फॉरेस्टर यांनी तो बनविला. त्यात आयत म्हणजे साठा, मग तो मालाचा असो, न पुरविलेल्या मागण्यांचा असो, की कामावरील माणसांचा. साठ्यात येणाऱ्या व त्यातून जाणाऱ्या प्रवाहावर नळाच्या तोटीसारखे चिन्ह असते. ती तोटी म्हणजे निर्णय. साठ्यांकडून तोट्यांकडे तुटक रेषा जातात, त्या वार्तेच्या. जाड रेषेने वाहणारा माल आणि तुटक रेषेने वाहणारी वार्ता यांत भेद करणे ही वरवर पाहता किरकोळ सोय वाटते. परंतु सारे मर्म तेथेच आहे. निर्णय कोणत्या वार्तेवरून घेतला जातो, ती वार्ता किती शिळी असते, आणि त्या निर्णयाचा परिणाम फिरून त्याच वार्तेत कधी उमटतो, हे प्रश्न त्या तुटक रेषांमुळे विचारता येतात. वरील उदाहरणातील वितरकाकडे दुकानातील विक्रीची एक तुटक रेषा आणून सोडली, तर त्याचे धोरण तेच असूनही फुगवटा पुष्कळ ओसरतो, हे कोणाही विद्यार्थ्याला तासाभराच्या आकडेमोडीने पाहता येईल.

या नकाशात आणखी एक चिन्ह आहे व ते ढगाचे आहे. प्रवाह जेथून येतो किंवा जेथे जातो ते ठिकाण अभ्यासाच्या सीमेबाहेर असेल, तर तेथे ढग काढावयाचा. कच्चा माल एका ढगातून येतो, विकलेला माल दुसऱ्या ढगात जातो. यात शास्त्रीयदृष्ट्या आक्षेपार्ह काही नाही. सीमा कोठे तरी आखावीच लागते. पण कामगारांचे आयत काढले, की कामावर येणारी माणसे कोणत्या तरी ढगातून येतात आणि काढून टाकलेली माणसे कोणत्या तरी ढगात जातात. ती परत कामावर येईपर्यंत गावातच राहिली की दुसरीकडे गेली, त्यांचे कसब टिकले की गेले, त्यांच्या घरात काय झाले, हे त्या ढगाच्या पलीकडचे प्रश्न झाले. केंटकीच्या अभ्यासाचा आरंभ कामगारांच्या हालअपेष्टेतून झाला होता. त्याचा लाभही स्थिर रोजगाराच्या रूपाने कामगारांना व्हावयाचा होता. असे असूनही नकाशात त्यांना स्थान मिळाले ते एका संख्येचे. प्रणालीविचार सर्व काही पाहतो असा त्याच्या भक्तांचा दावा असतो. वस्तुतः तो सीमेच्या आतील सर्व काही पाहतो, आणि सीमा आखणारा हात बहुधा ज्याने प्रश्न आणला त्याच्या बाजूचा असतो. पुढे इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठात पीटर चेकलंड यांनी नेमका हाच मुद्दा हाती घेऊन, ही व्यवस्था कोणाच्या दृष्टीने व कशासाठी आहे, या प्रश्नाभोवती एक निराळी पद्धती उभारली. त्यांचा ग्रंथ १९८१ चा.

वहीच्या पानापासून संगणकापर्यंतचा प्रवास मात्र वेगाने झाला. हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू या नियतकालिकासाठी लेख तयार करताना फॉरेस्टर यांनी रिचर्ड बेनेट या सहकाऱ्याला आपली समीकरणे संगणकावर घालावयास सांगितले. बेनेट यांनी त्याऐवजी समीकरणांवरून संगणकाची आज्ञावली आपोआप सिद्ध करणारी योजनाच तयार केली. तिच्यातून पुढे फिलिस फॉक्स व अलेक्झांडर प्यू यांची 'डायनॅमो' ही भाषा निघाली. लेख १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि १९६१ मध्ये 'इंडस्ट्रियल डायनॅमिक्स' हा ग्रंथ आला. ग्रंथातील सर्वांत विस्तृत उदाहरण विजेची धारित्रे बनविणाऱ्या एका उद्योगाचे आहे. मॅसॅच्युसेट्समधील स्प्रेग इलेक्ट्रिक कंपनीबरोबर केलेल्या कामातून ते आले. त्यात साखळी पुरवठादारापाशी थांबत नाही. मालाला लागणारा विलंब पाहून गिऱ्हाईक आपल्या मागणीची वेळ पुढेमागे करते, हा भाग प्रतिमानात घेतल्यामुळे, ज्या मागणीला कारखाना बाहेरचे संकट समजत होता तिचा काही अंश कारखान्याच्याच वर्तनाचे प्रतिबिंब ठरला. सीमा एका पावलाने पुढे सरकविल्याबरोबर 'बाह्य' कारण 'आंतरिक' झाले. ग्रंथातील अत्यंत मोलाचा विचार हाच म्हणावा लागेल, आणि वर ढगाविषयी घेतलेल्या आक्षेपाला त्यातच अर्धे उत्तरही आहे.

टीकाकारांची वाण नव्हती. इगोर अॅन्सॉफ व डेनिस स्लेव्हिन यांनी १९६८ मध्ये केलेल्या परीक्षणाचा रोख असा होता की, अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून व अंदाजावरून धोरणांना आकडे चिकटविले, तर प्रतिमान खरे आहे हे ठरवावयाचे कशावरून? फॉरेस्टर यांनी त्याच वर्षी उत्तर दिले. प्रतिमानाची योग्यता त्याच्या हेतूपासून अलग करून मोजता येत नाही, ही त्यांची भूमिका प्रथमपासूनची होती. एखादी गोष्ट मोजता येत नाही म्हणून ती गाळणे म्हणजे तिचा परिणाम शून्य आहे असे म्हणणे होय, आणि शून्य हा आकडा तर निश्चितच चुकीचा, असे त्यांचे म्हणणे. युक्तिवाद बिनतोड आहे. मात्र अंदाजाचा आकडा वाचकापुढे मोजलेल्या आकड्याच्याच थाटात उभा राहतो, ही अडचण त्याने दूर होत नाही. १९६९ मध्ये शहरांवर आणि १९७१ मध्ये सर्व जगावर हेच प्रतिमान चालविले गेले, तेव्हा ही अडचण अनेक पटींनी वाढली. कारखान्यात निदान ज्याला विचारावे असा अधिकारी समोर असतो.

उद्योगक्षेत्रातील मूळ प्रश्नाला पुढे निराळ्या दिशेने पुष्टी मिळाली. प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीच्या अधिकाऱ्यांना असे आढळले की, लहान मुलांच्या डायपरांचा खप जवळजवळ एकसारखा असता वितरकांच्या मागण्या मात्र बेसुमार हेलकावतात. हाउ ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये या घटनेची कारणमीमांसा केली. चाबकाच्या फटकाऱ्याप्रमाणे मुठीपाशी लहान आणि टोकाशी मोठी होत जाणारी लाट, म्हणून तिला मिळालेले 'बुलव्हिप' हे नाव सर्वत्र रूढ झाले.

परंतु त्याहून बोलका पुरावा एम. आय. टी.मधील एका खेळातून मिळाला. उत्पादन आणि वितरण यांचा हा पटावरील खेळ फॉरेस्टर यांच्या गटात प्रारंभीच्या वर्षांतच सुरू झाला होता, आणि पुढे 'बिअरचा खेळ' म्हणून तो जगभर पोहोचला. चार खेळाडू अनुक्रमे किरकोळ विक्रेता, घाऊक व्यापारी, वितरक व कारखानदार होतात. एकमेकांशी बोलण्यास मनाई असते. मागणीची चिठ्ठी तेवढी पुढे जाते. साठ्यात पडून राहिलेल्या प्रत्येक पेटीला दर आठवड्यास अर्धा डॉलर आणि न पुरविलेल्या प्रत्येक पेटीला एक डॉलर दंड पडतो. जॉन स्टरमन यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, संघांचा सरासरी खर्च शक्य तितक्या किमान खर्चाच्या सुमारे दसपट होता. खेळ संपल्यावर गिऱ्हाइकाची मागणी कशी असावी याचा आलेख खेळाडूंना काढावयास सांगितले, तेव्हा बहुतेकांनी उंच चढणारी आणि खोल कोसळणारी लाट काढली. आपल्या नुकसानीचे खापर त्यांनी त्या लाटेवर फोडले होते. नंतर त्यांना किरकोळ विक्रेत्याच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा दाखविण्यात आला. पहिले चार आठवडे मागणी चार पेट्यांची होती. पाचव्या आठवड्यात ती आठ झाली, आणि शेवटपर्यंत आठच राहिली.